गूगल कीवर्ड प्लॅनर : संत्र्याच्या पन्हेरीसाठी आठ महिने वापरल्यावर

अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-शेंदुरजनाघाट पट्ट्यात पन्हेऱ्या (कलमांच्या रोपवाटिका) भरपूर, आणि आता बऱ्याच जणांची वेबसाइटही आहे. लोक गूगलवर जे शब्द टाकून शोधतात ते कीवर्ड. समोरच्या पन्हेरीवाल्याचं पान कोणत्या कीवर्डवर बेतलंय हे काढायला गूगल कीवर्ड प्लॅनर हे फुकटचं साधन आठ महिने वापरात आहे. कामाचं आहे, पण एकट्याच्या भरवशावर राहू नका.

गूगल अ‍ॅड्सचं खातं लागतं, बिलिंगची माहिती भरावी लागते आणि एक जाहिरात मोहीम तयार करावी लागते. ती मोहीम लगेच थांबवा, नाहीतर पैसे कटणं सुरू होतं. मग प्लॅनरमध्ये नवे कीवर्ड शोधायच्या ठिकाणी वेबसाइटपासून सुरुवात करायचा पर्याय घ्या, समोरच्याच्या पानाचा पत्ता टाका आणि 'फक्त हे पान' निवडा. पूर्ण साइट घेतली तर लिंबू, मोसंबी, ठिबक, खतं सगळं एकत्र येतं. भाषा मराठी, ठिकाण महाराष्ट्र ठेवा. आपल्याकडून कलमा मध्य प्रदेशातही जातात, त्यासाठी हिंदी घेऊन वेगळी यादी काढा.

आता खरी गोम. ही यादी म्हणजे त्या पानावरून गूगलला सुचलेले शब्द. समोरच्याने ठरवून कोणते धरले, ते पान उघडूनच कळतं. संगणकावर कंट्रोल-यू दाबा, पानामागचा कोड उघडतो; त्यात टायटल टॅग (शोधनिकालात दिसणारं पानाचं शीर्षक) आणि मुख्य मथळा, शिवाय पानाचा पत्ता, हे तीन बघा. 'संत्रा कलम जंभेरी खुंट' (जंभेरी लिंबाच्या खुंटावर बांधलेलं कलम) तिन्ही जागी दिसलं, तर तो शब्द त्याने धरलाच समजा. त्याच कोडमधल्या मेटा कीवर्डच्या ओळीत (पानाचे कीवर्ड लिहून ठेवायची लपलेली ओळ) वेळ घालवू नका; शोधनिकालाच्या क्रमासाठी ती वापरत नाही हे गूगलने 2009 मध्येच सांगितलंय. दरपत्रक फोटोत असेल तर त्यातले शब्द पानाच्या मजकुरात येतच नाहीत. कंट्रोल-यूने उघडलेल्या कोडमध्ये ते शब्द शोधून बघा, लगेच कळतं.

आकड्यांचं दुखणं मोठं आहे. जाहिरातीवर खर्च नसेल तर 100 ते 1 हजार, 1 हजार ते 10 हजार असे ढोबळ पट्टेच दिसतात. 'स्पर्धा' हा रकाना जाहिरातदारांचा आहे, शोधनिकालातल्या चढाओढीचा नाही. बरेच जण इथेच फसतात. 'पन्हेरी'सारख्या आपल्या शब्दापुढे बहुतेक वेळा आकडाच नसतो. म्हणून तो शब्द टाकून देऊ नका. समोरचे सगळे 'नर्सरी' आणि 'रोपवाटिका' लिहितात. आपला शेतकरी 'पन्हेरी' म्हणतो, 'कलमा' म्हणतो, आणि पुष्कळदा तेच रोमन लिपीत टाइप करतो. गूगलच्या चौकटीत 'संत्रा कलम' एवढंच लिहून थांबा, खाली येणाऱ्या सूचना वहीत उतरवा. मग ते शब्द स्वतःच्या पानात घालून दोन-तीन महिने सर्च कन्सोलमधले (आपल्या साइटची शोधातली कामगिरी दाखवणारं गूगलचं साधन) इंप्रेशन, म्हणजे आपलं पान शोधनिकालात किती वेळा दिसलं, ते बघा. तिथला आकडा आपल्याच पानाचा असतो, पट्ट्यातला अंदाज नसतो.

यादी थेट गूगल शीट्समध्ये उतरवा. सीएसव्ही (साध्या मजकुरातली तक्त्याची फाइल) एक्सेलमध्ये उघडताना देवनागरीची अक्षरं बिघडू शकतात. मोबाईलवर रकाने कापले जातात, तेव्हा हे काम संगणकावरच करा. आणि लागवड पावसाळ्यात असते, म्हणून ही तपासणी मार्च-एप्रिलमध्येच उरकून घ्या. जूनमध्ये बदललेलं पान गूगलवर वर यायला त्या हंगामात वेळ पुरत नाही.