ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरची भुतांची फेरी: जरूर जा, पण त्यांना तो स्पीकर बंद करायला सांगा

किल्ल्यावर संध्याकाळी भुताखेतांच्या गोष्टी सांगत फिरवणारी एक फेरी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली काही तरुण मुलं चालवतात. माणशी 400 रुपये, दोन-अडीच तास, आणि पुरेशी मराठी मंडळी जमली तर रविवारी मराठीतून. पुण्याहून आलेला भाचा आणि भाचसून यांना घेऊन मी गेले होते. जावं का, असं कुणी विचारलं तर मी जा म्हणेन. पण एका ठिकाणी असा राग आला की तो लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मानमंदिर सूर्यास्ताला बंद होतं म्हणून सुरुवात तिथूनच. राजा मानसिंह तोमरांचा हा महाल, बाहेरून निळ्या फरश्या आणि बदकांची रांग, खाली तळघराचे दोन मजले. जिना अरुंद, वटवाघळांचा वास डोक्यात जातो. गारव्यासाठी बांधलेल्या या गोल दालनांचा मोगलांनी कैदखाना केला. इथे आमच्या वाटाड्या मुलाने ना टॉर्च बंद केला, ना आवाज घोगरा केला. साध्या बोलण्यात त्याने सुलेमान शिकोहची हकिकत सांगितली, आणि अख्ख्या फेरीत तीच सर्वांत चांगली झाली.

सुलेमान हा दारा शिकोहचा, म्हणजे औरंगजेबाच्या थोरल्या भावाचा, थोरला मुलगा. 1661 च्या जानेवारीत त्याला औरंगजेबापुढे उभं केलं, तेव्हा त्याने एवढंच मागितलं की मला पोस्त (अफूच्या बोंडांचं पाणी) पाजणार असाल तर त्यापेक्षा आत्ताच मारून टाका. पोस्त देणार नाही, असा शब्द बादशहाने दिला. बर्निये नावाचा फ्रेंच वैद्य त्या दरबारात हजर होता, त्याने हे लिहून ठेवलंय. मग सुलेमानला ग्वाल्हेरला धाडलं आणि पोस्त दिलंच. अफूची बोंडं रात्रभर पाण्यात भिजत घालायची, सकाळी उठल्या उठल्या तो पेला कैद्यासमोर ठेवायचा, आणि तो रिकामा झाल्याशिवाय अन्न द्यायचं नाही. माणूस वाळत जातो, भान जातं. पुढच्या वर्षी सुलेमान संपला.

ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, कारण आमच्या आजेसासूबाईंचा एक दंडक होता: दिवेलागणीनंतर किल्ल्यावर कुणी पाणी देऊ केलं तर घ्यायचं नाही, मागे वळून बघायचं नाही, सरळ खाली यायचं. ग्वाल्हेरच्या दौलतगंजातल्या आमच्या वाड्यात पोरं हे पाठ म्हणायची. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. याला पुरावा देता येणार नाही, पण ज्या जागी रोज सकाळी पेल्यातून मरण पाजलं, त्या जागेची भीती पाण्याचीच असणार, असं मला मनापासून वाटतं. वाड्यातल्या पिंपळावरचा मुंजा निराळा. तो आमच्या लोकांनी दक्षिणेतून सोबत आणलेला, घरातला, नैवेद्य दाखवला की गप्प बसणारा. किल्ल्यावरची भुतं आम्हांला इथे आयती मिळाली.

आता रागाचं. जौहर कुंडापाशी पोचलो तेव्हा उजेड सरत आला होता. 1232 मध्ये दिल्लीचा सुलतान अल्तमश याने जवळजवळ वर्षभराच्या वेढ्यानंतर किल्ला घेतला, तेव्हा राजघराण्यातल्या बायकांनी इथे जौहर केला, अशी परंपरा आहे. वाटाड्याने हे दोन वाक्यांत उरकलं. एवढ्यात झुडपामागून पैंजणांचा आणि बाईच्या हुंदक्यांचा आवाज सुरू झाला. छोटा स्पीकर ठेवला होता. गटातल्या मुली किंचाळल्या, मग हसल्या, मोबाईल निघाले. आगीत गेलेल्या बायकांच्या जागी पांढऱ्या साडीतली एक बाई उभी केली की झालं! मी तिथेच त्या मुलाला म्हटलं, "बाळा, हे बंद कर." त्याने लगेच बंद केलं. म्हणाला, "काकू, लोक पैसे यासाठीच देतात."

वाईट याचं वाटतं की रडणाऱ्या बाईची खरी हकिकत याच किल्ल्यावर घडलीय आणि फेरीत ती नाहीच. औरंगजेबाचा धाकटा भाऊ मुरादबक्ष इथे कैदेत होता. त्याच्या माणसांनी सुटकेसाठी रात्री तटाला दोरीची शिडी लावली. मोगल इतिहासकार खाफी खान लिहितो, की जाण्याआधी मुराद आपल्या लाडक्या सरसनबाईचा निरोप घ्यायला गेला. मला कुणाच्या हवाली करून चाललास, म्हणत तिने हंबरडा फोडला. पहारेकरी जागे झाले, मशाली पेटल्या, शिडी सापडली. पुढे गुजरातेतला दिवाण अली नकी याच्या खुनाचा जुना आरोप उकरून काढला आणि डिसेंबर 1661 मध्ये मुरादला इथेच मारलं. एका हंबरड्याने माणूस गेला. ही गोष्ट सांगितल्यावर स्पीकर लागेल कशाला?

परतताना भाचसुनेने विचारलं, "मामी, झाशीच्या राणीचं भूत नाही का हो इथे?" मी तरी कधी ऐकलेलं नाही. जून 1858 मध्ये गंगादासांच्या शाळेत, म्हणजे साधूंच्या मठात, राणीला अग्नी दिला, इंग्रजांना देह मिळू नये म्हणून घाईने. तिच्यासाठी लढताना 745 साधू पडले असं सांगतात, त्यांच्याही समाध्या तिथे आहेत. फुलबागेतल्या समाधीवर लोक हार घालतात, दरवर्षी जूनमध्ये मेळा भरतो. ज्यांचं कुणीतरी केलं, ते भूत होऊन फिरत नाहीत. सुलेमानचं, मुरादचं, कुंडातल्या त्या बायकांचं कोण करणार होतं? फेरीवाल्यांनी गंगादासांची शाळाही दाखवावी. भुतं नसलेली जागा पाहिल्यावर असलेल्या जागा जास्त कळतील.

बाकी व्यवस्था चोख. मुलं वेळेवर येतात, म्हाताऱ्यांना हात देतात, पाण्याच्या बाटल्या बरोबर ठेवतात. ग्वाल्हेर दरवाज्याकडून चढ अंगावर येतो. गुडघे दुखत असतील तर उरवाई दरवाज्याने गाडी थेट वर नेता येते, आधी फोन केला की ते हाथी पोल दरवाज्यापाशी थांबतात. टॉर्च स्वतःचा न्या. लहान मुलांना तळघराऐवजी वर चौकात बसवा.