पद्मिनीची पेट्रोल गळती शेवटी थांबली, अंबड लिंक रोडच्या गॅरेजचा अनुभव

बाबांची प्रीमियर पद्मिनी आहे, १९९४ चं मॉडेल, १०८९ सीसी, सोलेक्स कार्बोरेटर. गाडी रविवारीच बाहेर निघते पण घरात तिचा मान मोठा आहे. पावसाळ्यानंतर नाशिकला द्वारकेच्या सिग्नलला उभं राहिलं की आत पेट्रोलचा वास यायला लागला, चालत्या गाडीत नाही, फक्त उभ्या गाडीत. बाबा म्हणायचे जुन्या गाडीला थोडा वास असतोच. मला ते पटत नव्हतं, कारण एकदा बॉनेट उघडून बघितलं तर कार्बोरेटरला पेट्रोलचा पाईप जोडतो तिथे थेंब लोंबत होता आणि खाली इंजिन चांगलं तापलेलं. मुलं मागच्या सीटवर बसलेली असताना असलं काही बघितलं की पोटात गोळा येतो.

आधी घराजवळच्याच एका गॅरेजला दाखवली (नाव नाही लिहीत). त्यांनी दहा मिनिटांत बोल्ट आवळला, आट्यांवर टेफलॉन टेप गुंडाळली, वरून एपॉक्सीची पुट्टी लावली आणि झालं म्हणाले. आठ दिवसांत पुट्टी पापड सुटल्यासारखी सुटली आणि गळती आधीपेक्षा वाढली.

मग ऑफिसातल्या एकाने अंबड लिंक रोडचं हे छोटं गॅरेज सांगितलं. बोर्डावरचं नाव उन्हाने पार उडालंय पण बाहेर कायम एखादी फियाट नाहीतर जुनी जीप उभी असते, त्यावरून सापडतं. गॅरेजवाले काका साठीच्या पुढचे आहेत, मुंबईत टॅक्सीच्या कामात वर्षं घालवलेली. शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली, त्यामुळे हा हात असलेली माणसं आता शोधावी लागतात.

मी गाडी चालू करून दाखवायला गेलो तर त्यांनी अडवलं. "राहू दे भाऊ, आधी गार होऊ दे." तासभर गाडी तशीच उभी ठेवली. मग बॅटरीची निगेटिव्ह काढली, सगळे जॉईंट फडक्याने कोरडे केले आणि शाळेतला पांढरा खडू घेऊन प्रत्येक जॉईंटवर, पाईपच्या टोकावर, कार्बोरेटरच्या झाकणाच्या कडेने नीट घासला. मग इंजिनवरच्या पेट्रोल चढवणाऱ्या पंपाची पट्टी हाताने दाबून पेट्रोल वर चढवलं आणि आम्ही दोघं टॉर्च धरून बघत बसलो. दोन मिनिटांनी खडूवर एक करडा ठिपका उठला, बोल्टच्या वर नाही, खालच्या वायसरपाशी. थोड्या वेळाने दुसरा, रबरी पाईपच्या क्लिपखाली. झाकणाची कड कोरडी राहिली, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची पातळी सांभाळणारे फ्लोट आणि नीडल बरोबर आहेत, वरून ओव्हरफ्लो होत नाहीये. एका गळतीच्या दोन गळत्या निघाल्या आणि दोन्ही वेगळ्या कारणाने, हे खडूशिवाय कळलंच नसतं.

त्यांनी मला समजावून सांगितलं ते लिहितो, कारण बऱ्याच जणांना उपयोगी पडेल. पाईप कार्बोरेटरला जोडणारा तो पोकळ बोल्ट असतो ना, बँजो बोल्ट, त्याच्या आतून पेट्रोल जातं आणि बँजोच्या (पाईपच्या टोकाची गोल कडी) वर एक खाली एक असे दोन वायसर बसतात. सील ते वायसर करतात, आटे नाही. त्यामुळे आट्यांवर टेप लावून काही उपयोग नाही, उलट तिचे तुकडे सुटून आत जातात. आणि खरंच, बोल्ट काढल्यावर आतल्या जाळीत पांढऱ्या टेपचे तंतू अडकलेले निघाले. ते पुढे जेटपर्यंत (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) गेले असते तर त्र्यंबकच्या रस्त्यावर गाडी बंद पडून बसलो असतो.

खालच्या वायसरची जागा बोटाने चाचपली तर एक ओरखडा लागत होता, कोणीतरी स्क्रू ड्रायव्हर घालून ओढलेला. काकांनी काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवून बँजोचा तो तळ गोल गोल घासला, निवांत वीस मिनिटं. मग तांब्याचे वायसर गॅसच्या ब्लोटॉर्चवर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकले. तांबं असं तापवलं की मऊ पडतं आणि दाबल्यावर जागेवर बसतं, कडक राहिलं तर कितीही आवळा, पाझरतंच. आवळताना दोन पान्हे, एकाने बँजो धरून ठेवायचा दुसऱ्याने बोल्ट, म्हणजे बँजो बोल्टबरोबर फिरत नाही. हा पंप साधारण ३-४ पीएसआयचा, एवढ्याशा प्रेशरला ताकद लावायची गरजच नसते म्हणाले.

दुसरी गळती पाईपची. आधी कोणीतरी ८ मिमीचा पाईप बारीक निपलवर चढवून क्लिप आवळून आवळून बसवला होता, क्लिपच्या दातांनी रबर कापलं गेलं होतं. शिवाय जुनं रबर हल्लीच्या पेट्रोलला टिकत नाही, पेट्रोल पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं मिळतं. वाकवून दाखवला तर पाईपला बारीक भेगा. नवीन मापाचा, आर ९ छापलेला (इथेनॉलला टिकणारा) पाईप टाकला आणि गुळगुळीत पट्टीच्या क्लिपा लावल्या.

खर्च १५४० रुपये, त्यात मजुरी ९००. गाडी दोन दिवस ठेवावी लागली. तक्रारी पण आहेत. फोन उचलत नाहीत, पक्कं बिल देत नाहीत, पाईप जरा लांब कापला होता तो फॅनच्या पट्ट्याकडे झुकत होता, मी सांगितल्यावर बांधून दिला. आणि सगळ्यात खटकलेली गोष्ट म्हणजे पेट्रोलचं काम करतात आणि गॅरेजात आग विझवायचा सिलिंडर दिसला नाही. त्यांना तोंडावर बोललो, घेतो म्हणाले, घ्यायलाच पाहिजे.

त्यांच्या सांगण्यावरून २०० किमी झाल्यावर परत नेली, मधे एकदा त्र्यंबकला जाऊन आलो होतो. परत खडू घासला, पूर्ण कोरडं. बोल्ट जेमतेम हलला तेवढाच आवळला आणि पैसे घेतले नाहीत. आता द्वारकेला काच खाली करून पाच मिनिटं उभा राहिलो तरी वास नाही, आणि बाबा स्वतःच बॉनेट उघडून बोट फिरवून बघतात.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा आणि गाडी पोचल्यावर घाई करू नका, तापलेल्या इंजिनला काका हातच लावत नाहीत.