डोळ्यांनी टाइप करायचं मशीन: मशीन झकास, स्टँडचा नॉब भिकार

आय-गेझ म्हणजे स्क्रीनचा कॅमेरा डोळे बघतो, नजर ज्या अक्षरावर रोखली ते टाइप होतं आणि मशीन ते मोठ्याने बोलतं. त्यातलं इन्फ्रारेड, कॅलिब्रेशन (मशीनला आपली नजर ओळखायला शिकवणं) वगैरे जास्त समजावत बसत नाही. मला मोटर न्यूरॉन डिसीज आहे. हात गेले, आवाज गेला, डोळे शाबूत. अकाउंट्सचं काम अजून करते, मीटिंगला बसते, मुलीला रागावते, सगळं याच मशीनवर.

तर मशीनबद्दल फारशी तक्रार नाही. उन्हात बसलं की त्याला डोळे दिसेनासे होतात, पण ते सगळ्याच कंपन्यांचं रडगाणं आहे. जोडाक्षरांचा वैताग आहे, 'प्रत्येक' लिहायला आठ वेळा नजर रोखायची, पण प्रेडिक्शन, म्हणजे शब्द आधीच सुचवणं, बरं आहे म्हणून निभतं.

माझी तक्रार व्हीलचेअरला स्क्रीन धरून ठेवणाऱ्या स्टँडच्या नॉबबद्दल आहे. एवढं महागडं मशीन आणि ते तोलायला दिलाय एक प्लास्टिकचा नॉब! कितीही आवळा, खुर्ची जरा उंबऱ्यावरून गेली की स्क्रीन दोन बोटं खाली झुकते. दोन बोटांनी काय होतं असं नवरा म्हणायचा. होतं काय, तर कॅमेऱ्याला डोळे नीट सापडत नाहीत, मी एका बटणाकडे बघते आणि शेजारचं दाबलं जातं. मी शब्द झाला की लगेच बोलायचं सेटिंग ठेवलंय, नाहीतर माझं वाक्य होईपर्यंत लोक विषय बदलतात. त्यामुळे एका मीटिंगमध्ये 'माझी याला हरकत' एवढं मोठ्याने बोलून झालं आणि स्क्रीन झुकली. 'नाही' राहिलं आत. पुढे अर्धा तास मंडळी माझी समजूत घालत होती, आणि मला त्यांना थांबवताही येईना.

शेवटी नॉबचे आटेच गेले. सर्व्हिसवाले म्हणे स्टँड ॲक्सेसरी आहे, वॉरंटीत बसत नाही, आणि तपासायला मशीनसकट पाठवा. अहो, मशीन पाठवलं तर तुमच्याशी भांडू कशाने? फोन केला तर व्हेरिफिकेशनसाठी म्हणे पेशंटशीच बोलायचंय. मी मशीनवरून 'हॅलो, मी बोलतेय' म्हटलं, समोरच्याने रेकॉर्डेड कॉल समजून ठेवून दिला. दरवेळी तेच. बोलता न येणाऱ्यांसाठीचं मशीन विकणाऱ्या कंपनीत ही तऱ्हा.

शेवटी मशीन दुरुस्तीला गेलंच आणि घरात आला अक्षरांचा पारदर्शक बोर्ड. स्पीच थेरपिस्टने तो आधीच सुचवला होता, मला ते लहान मुलांचं खेळणं वाटायचं. पण मुलीने प्लास्टिक शीटवर आपली वर्णमालाच मांडली, क-च-ट-त-प च्या ओळी आणि प्रत्येकीत पाच अक्षरं. ती शीटच्या पलीकडून माझे डोळे बघते, पहिली नजर ओळीकडे, दुसरी नजर त्या ओळीतल्या कितव्या अक्षराकडे. बास, व्यंजन झालं, उरलेल्या अक्षरांच्या दोन ओळी खाली. काना-मात्रा बहुतेक वेळा ती धरूनच घेते. मशीनवर मी जेवढ्या वेळात वाक्य लिहिते त्याच्या आत आमचं भांडण होऊन मिटलेलं असतं. चार्जिंग नाही, कॅलिब्रेशन नाही, उन्हातही चालतो, आणि नॉब तर नाहीच!

म्हणून आधी मी मशीनला पाच स्टार देणार होते ते आता चार. पाचवा बोर्डाचा. अर्थात बोर्ड वाचायला समोर माणूस लागतो, आणि तोही सरावाचा. ऑफिसचे मेल, बँकेची कामं, आणि ज्या गोष्टी मुलीसमोर बोलायच्या नाहीत त्या, यासाठी मशीन लागतंच, ते परत आल्यावर मी पहिल्यांदा मैत्रिणीला लांबलचक मेसेज लिहिला, कोणाच्याही नजरेखालून न जाता.

ज्यांना अजून घ्यायचंय त्यांनी आधी फुकटातलं वापरून बघा. विंडोजवर ऑप्टिकी हे डोळ्यांनी टाइप करायचं सॉफ्टवेअर आहे, आणि 2024 पासून आयफोनच्या आयओएस 18 मध्ये आय ट्रॅकिंग, म्हणजे नजरेने फोन चालवायची सोय, आलंय, आयफोन 12 किंवा नंतरचा हवा. ऑप्टिकीसाठी नजर टिपणारा वेगळा ट्रॅकर लागतो, आयफोनचं काम पुढच्या कॅमेऱ्यावर भागतं. पण फोन घट्ट बसवून चेहऱ्यापासून दीडेक फुटावर ठेवावा लागतो, म्हणजे तिथेही स्टँड आलाच. आणि महाग मशीनचा डेमो घ्याल तेव्हा ते टेबलावर नको, तुमच्या खुर्चीला लावून दाखवा म्हणावं आणि खुर्ची दोन उंबऱ्यांवरून न्या.

नवीन नॉब काही आला नाही. नवऱ्याने दातेरी वॉशर आणि लोखंडी नट टाकलाय, दिसायला वाईट आहे पण स्क्रीन जागची हलत नाही. कंपनीकडे माझी तक्रार अजून 'ओपन' दिसते, आणि मध्येच त्यांचा सर्व्हेचा मेल आला, आमच्या प्रतिनिधीशी फोनवर बोलून तुमचं समाधान झालं का, एक ते पाच.