टोइंग ट्यूब काही महिने वापरल्यावर: वेग किती ठेवावा याबद्दल सविस्तर

टोइंग ट्यूब, म्हणजे मोटरबोटीमागे दोराने ओढायची, माणसं बसवायची फुगीर ट्यूब, घेण्याआधी मी बरेच अभिप्राय वाचले होते. कापड किती जाड आहे, हवा भरायला किती वेळ लागतो, हँडल टिकतात का, हे सगळं त्यांत सापडलं. बोट किती वेगाने हाकायची यावर मात्र कुणी दोन ओळींपलीकडे गेलं नव्हतं. हंगामभर वापरून झाल्यावर मला वाटतं की या वस्तूबद्दल सगळ्यात आधी सांगायला हवं ते हेच. म्हणून ट्यूबच्या गुणदोषांवर कमी आणि वेगावर जास्त लिहितोय.

आमची ट्यूब दोन जणांची, पोटावर पालथं पडून धरायची सपाट जातीची आहे. वरून नायलॉनचं कव्हर, आत पीव्हीसीची फुगवायची पिशवी. बोट आउटबोर्ड, म्हणजे मागच्या बाजूला बाहेरून बसवलेल्या, इंजिनाची. सुकाणू कधी माझ्या हातात, कधी भावाच्या. बसणाऱ्यांत सात-आठ वर्षांच्या मुलांपासून आमच्या वयाच्या माणसांपर्यंत सगळे.

ट्यूबवर सूचना छापलेली आहे: मोठ्यांसाठी जास्तीत जास्त ताशी 20 मैल, मुलांसाठी 15 मैल. म्हणजे साधारण 32 आणि 24 किमी. अनेक ट्यूबांवर हेच आकडे दिसतात. आता ही झाली वरची हद्द, पण वाचणारा तोच नेहमीचा वेग धरून चालतो. सात वर्षांच्या मुलालाही 24 ने ओढायचं आणि सतरा वर्षांच्यालाही 24 नेच, असा त्याचा अर्थ नाही.

त्याहून मोठी गोष्ट अशी की हा आकडा आपण बोटीच्या काट्यावर बघतो, आणि ट्यूब दर वेळी त्याच वेगाने जात नसते. सरळ रेषेत जाते. वळणावर नाही.

पुतणीच्या मनगटावर जीपीएसचं घड्याळ असतं. एकदा तिची फेरी झाल्यावर ते तपासलं, तर बोट पूर्ण वेळ ताशी 26 किमीच्या आसपास असताना घड्याळात मधूनच 38-39 दिसत होते. आधी वाटलं घड्याळ चुकतंय. पण पुढच्या फेऱ्यांतही प्रत्येक उडी बरोबर वळणाच्या जागीच निघाली. कारण सरळ आहे. बोट वळते तेव्हा ट्यूब बाहेर फेकली जाते आणि बोटीपेक्षा मोठ्या वर्तुळात फिरू लागते. तेवढ्याच वेळात तिला जास्त अंतर कापावं लागतं. बोट 20 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात वळत असेल आणि ट्यूब 30 मीटरवर गेली असेल, तर ट्यूबचा वेग बोटीच्या दीडपट होतो. बोट 24 वर, तर मूल 36 वर. वेग दीडपट झाला की आदळण्याची ऊर्जा सव्वादोनपट होते, कारण ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. सुकाणूवर बसलेल्या माणसाला यातलं काहीच जाणवत नाही. त्याच्या समोरचा काटा 24 वरच असतो, उलट वळणामुळे थोडा खाली आलेला असतो.

त्यामुळे आम्ही थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनाची गती वाढवायच्या दांड्याचा, आकडा ठरवणं सोडून वळण ठरवायला लागलो. वळायच्या आधी गती कमी करायची, वळण मोठं आणि सावकाश घ्यायचं, ट्यूब पुन्हा बोटीच्या बरोबर मागे आली की मगच थोडी गती द्यायची. इंग्रजी यूच्या आकाराचं झटक्यात घेतलेलं वळण पूर्ण बंद.

वळणाची दुसरी खोड दोराची. वळणाच्या आतल्या बाजूला ट्यूब राहिली तर दोर सैल पडतो आणि ट्यूब थबकते. मग दोर एकदम ताणला जातो तेव्हा बसलेला माणूस पुढे झटका खातो. हा झटका ताशी 20 किमीच्या वेगातही हात सुटायला पुरतो. म्हणून स्पॉटर, म्हणजे बोटीत मागे तोंड करून बसलेला माणूस, दोराकडे बघत असतो आणि दोर पाण्याला टेकला की चालकाला सांगतो. आणि आपल्याच बोटीने उठवलेल्या लाटांवरून ट्यूब परत न्यायची नाही. जुनी लाट आणि नवी लाट एकावर एक आल्या की उंची अचानक वाढते, आणि पालथं पडलेल्याला ती समोर येईपर्यंत दिसतच नाही.

एक प्रश्न मलाही बरेच दिवस पडायचा. वॉटर स्कीच्या स्लॅलम, म्हणजे तरंगत्या खुणांना वळसे घालत जायच्या, स्पर्धेत पुरुषांची बोट ताशी 58 किमीपर्यंत जाते. मग ट्यूबला 32 चा अडसर का? उत्तर स्वतः पालथं पडल्यावर मिळतं. स्की करणारा उभा असतो, पायाखालच्या कडेने दिशा बदलतो, नको वाटलं तर हँडल सोडून एकटाच पाण्यात बसतो. ट्यूबवरच्या माणसाच्या हातात दिशा नसते. त्याचं डोकं सगळ्यात पुढे असतं, आणि आमच्यासारख्या दोनजणी ट्यूबवर शेजारच्याचं डोकं वीतभर अंतरावर. ट्यूब लाटेवरून उडाली की दोघं हवेत एकमेकांच्या दिशेने येतात. पाण्यापेक्षा मला याची धास्ती जास्त वाटते. म्हणून मोठा माणूस आणि लहान मूल आम्ही एका ट्यूबवर बसवत नाही. आदळले तर वजनाचा सगळा फरक मुलावर निघतो.

आता आमच्याकडे स्थिरावलेले आकडे. हे सरळ रेषेतले, जीपीएसवरचे आहेत, आणि वळणावर यापेक्षा कमी. सात-आठ वर्षांच्या मुलांना ताशी 10 ते 14 किमी. दहा-बारा वर्षांच्यांना 15 ते 20. त्यापुढच्या मुलांना 22 ते 26. मोठ्यांना 25 ते 30, तेही पाणी शांत असेल तर. वारा सुटून पाण्यावर चाबकासारख्या आखूड लाटा उठल्या की प्रत्येक गटाला एक पायरी खाली आणतो. वयापेक्षा पकड बघा असंही सांगेन. हात थकलेले मूल 15 लाही सुटतं.

मजा कमी होते का? आमच्या मुलांच्या ओरडण्यावरून तरी नाही. सात वर्षांच्या पोराचं नाक पाण्यापासून हातभरच वर असतं. त्याला 12 चा वेगही सुसाट वाटतो, आणि बोटीमागची छोटी लाट तिरकी ओलांडली की तो खिदळत सुटतो. मोठ्या मुलांना वेगापेक्षा लाटेवरचं डुलणं आवडतं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

बोटीचा मूळ वेगदर्शक पाण्याच्या दाबावर चालतो आणि कमी वेगात भरवशाचा नाही. 15 च्या खाली तो नुसता थरथरत राहतो. म्हणजे लहान मुलांसाठी नेमका हवा तिथेच निकामी. आम्ही फोनचा जीपीएस बघतो. पण जीपीएस जमिनीच्या हिशेबाने वेग दाखवतो. वाहत्या पाण्यात प्रवाहाविरुद्ध जाताना, प्रवाह ताशी 5 किमी असेल तर जीपीएसवरचे 20 म्हणजे पाण्यावरचे 25. आणि अंगाला लागतं ते पाणी.

आकड्यांपेक्षा भरवशाच्या काही खुणा आहेत, त्या स्पॉटरला दिसतात. ट्यूब आरामात चालली असेल तर तिची पुढची कड पाण्यावर किंचित उचललेली असते आणि तुषार मागे पडतात. वेग चढला की बाहेरच्या कडेखालून पाण्याचा पातळ पडदा उभा राहतो आणि बसलेल्याच्या तोंडावर यायला लागतो. तो डोळे मिटतो. मग कोपरं, जी आधी वाकलेली असतात, ती हळूहळू सरळ होतात, अंग मागे घसरतं, आणि पूर्ण वजन बोटांवर येतं. कोपरं सरळ झाली की आम्ही गती कमी करतोच, त्याने अंगठा वर केलेला असला तरी.

या अंगठ्याबद्दल. वर म्हणजे अजून, खाली म्हणजे हळू, गळ्यावरून आडवा हात म्हणजे थांबव, डोक्यावर थाप म्हणजे परत चला. मुलं अंगठा नेहमी वरच करतात, विशेषतः शेजारी भावंड असेल तर. त्यामुळे आमच्यात ठरलंय की वरचा अंगठा ही विनंती आणि खालचा हा हुकूम. दोघांपैकी एकाने जरी खाली केला तरी गती उतरते, कुणी केला म्हणून विचारायचं नाही आणि चिडवायचं तर मुळीच नाही. हा नियम झाल्यापासून धाकटी खरंच अंगठा खाली करू लागली. आधी ती दात आवळून सहन करायची.

पडल्यावर डोक्यावर हात उंचावून "ठीक आहे" सांगायचं. ताशी 30 च्या वेगात बोट सेकंदाला आठ मीटरहून जास्त जाते. दहा सेकंद कुणाच्या लक्षात आलं नाही तर मूल 80 मीटर मागे राहिलं, दुसऱ्या बोटीच्या वाटेत. चालकाने मागे बघत चालवणं हा यावरचा उपाय नाही, कारण मग पुढे कुणी बघत नाही. दोघं नसतील तर ट्यूब पाण्यात टाकायचीच नाही. उचलायला जाताना पडलेला माणूस चालकाच्या बाजूने, त्याला दिसत राहील असा घ्यायचा आणि जवळ पोचायच्या आत इंजिन बंद करायचं. न्यूट्रलवर भागवायचं नाही, काही बोटींत न्यूट्रलमध्येही पंखा फिरत राहतो.

लाइफ जॅकेट अंगाला घट्ट बसणारं, फोमचं. हवेने फुगणारी जॅकेटं या खेळासाठी नाहीत.

वेगाशी वजनाचं नातं मला उशिरा उमगलं, तेही सांगतो. दोघांच्या ट्यूबवर एकटं हलकं मूल बसलं की समोरचा वारा ट्यूबच्या पुढच्या टोकाखाली शिरतो आणि पुढची कड उचलू पाहते. दोघं असताना जो वेग निवांत वाटतो, त्याच वेगात एकट्याची ट्यूब पाण्यावरून टप्पे घेते. अमेरिकेत मुद्दाम हवेत उडण्यासाठी बनवलेली एक ट्यूब मृत्यू आणि गंभीर दुखापतींनंतर 2006 मध्ये बाजारातून परत मागवली गेली होती. आपली ट्यूब उडायची नसली तरी वारा, हलकं वजन आणि वेग जुळून आले तर तीही उलटते. एकटं मूल असेल तर ते मधोमध बसवा आणि वेग आणखी उतरवा.

उलट टोकाला, निघताना वजन पुढे असेल तर ट्यूबचं पुढचं टोक पाण्याखाली जातं, आणि बुडालेली ट्यूब ओढताना दोरावर प्रचंड ताण येतो. म्हणून निघताना बसणाऱ्यांनी मागे सरकायचं, चालकाने दोर ताणला जाईपर्यंत आयडलवर, म्हणजे इंजिनाच्या सगळ्यात कमी गतीवर, राहायचं आणि मग सावकाश उचलायचं. हवा कमी असेल तरी असंच होतं. उन्हात कडक फुगलेली ट्यूब गार पाण्यात टाकली की ढिली पडते, तेव्हा पाण्यात टाकल्यावर पुन्हा दाबून बघा. कव्हरवर सुरकुती दिसली तर हवा कमी आहे.

दोर 15 ते 20 मीटरचा असावा. जास्त आखूड असेल तर लाटा उसळत्या ठिकाणीच ट्यूब राहते आणि इंजिनाचा धूर तोंडावर येतो. जास्त लांब असेल तर वळणावरचा फेर वाढतो, म्हणजे पुन्हा वेग. ट्यूबचे दोर किती जणांसाठी यावर वेगळे असतात. दोघांच्या दोराची ताण सोसायची क्षमता 2,375 पाउंड, म्हणजे सुमारे 1,077 किलो तरी लागते. स्कीचा पातळ दोर चालत नाही. दोर बोटीच्या मागच्या खालच्या कड्यांनाच बांधायचा, वेकबोर्डच्या (पाण्यावर उभं राहून चालवायच्या फळीच्या) दोरासाठी बोटीवर असतो त्या उंच टॉवरला नाही. आणि तो हाताला किंवा मनगटाला कधीही गुंडाळायचा नाही.

ट्यूबबद्दल आता थोडक्यात. शिवण अजून पक्की आहे, झडप गळत नाही. हँडलखालचं बोटांचं संरक्षक कापड मात्र एका बाजूने उसवलंय आणि खरखरीत कव्हरवर सांधे सोलवटतात, त्यामुळे मुलं हातमोजे घालतात. रंग उडालाय. सपाट ट्यूबऐवजी पाठीला टेका असलेली, बसून जायची ट्यूब घेतली असती तर लहानांची सोय झाली असती, कारण त्यात डोकं पुढे राहत नाही आणि पकड सुटायची भीती कमी असते. घरात आठ-नऊ वर्षांखालची मुलंच जास्त असतील तर तीच घ्या.

दोर मी पुढच्या हंगामाआधी बदलणार आहे. जोडणीच्या गाठीजवळ उन्हाने धागे ताठ झालेत आणि त्यावरून हाताचं बोट फिरवलं की बारीक कुसळं निघतात. ट्यूबला अजून दोनेक वर्षं सहज काढता येतील, पण हा दोर तिच्याबरोबर तेवढा चालवणार नाही.