हांगझोऊ की दाली? चीनमध्ये तळ्याकाठी निवांत सुट्टी घालवायची तर

चीनला जायचंय, पण पळापळ नको, एखाद्या तळ्याच्या काठी चार-पाच दिवस नुसतं पडून राहायचंय, असं म्हणणाऱ्यांपुढे शेवटी दोन नावं उरतात, हांगझोऊ आणि दाली. सुझोऊही बरेच जण सुचवतात पण तिथली खरी मजा बागा आणि कालव्यांची, तळं नंतर, म्हणून ते बाजूला ठेवूया. फोटो बघून ठरवायला गेलात तर ठरणारच नाही, दोन्हीकडे पाणी, दोन्हीकडे डोंगर, दोन्हीकडे धुकं. माझं मत असं की निवड पहिल्या संध्याकाळवर करावी, म्हणजे बॅग ओढत पोचल्यावर तळं किती वेळात समोर येतं आणि त्यासाठी किती दमायची तुमची तयारी आहे, यावर.

हांगझोऊ या बाबतीत फारच सोपं आहे. शांघायच्या होंगछियाओ स्टेशनवरून बुलेट ट्रेन तासाभरात हांगझोऊ ईस्टला सोडते, गाड्या दिवसभर इतक्या की एक हुकली तर दुसरी आहेच. ईस्टवरून 1 नंबरची मेट्रो घ्यायची, लोंगशियांगछियाओला उतरायचं आणि वर आलं की थोडं चालून थेट वेस्ट लेक. तिकीट नाही, गेट नाही, 2002 पासून तळ्याला प्रवेशच फुकट आहे. संध्याकाळी पोचलात तर काठावर गावातलीच माणसं जास्त दिसतात, कोणी गाणं म्हणतंय, कोणी नाचतंय, एखादे आजोबा हातभर लांब ब्रश बादलीत बुडवून फरशीवर नुसत्या पाण्याने अक्षरं काढत असतात, ओळ संपेपर्यंत पहिलं अक्षर वाळून गेलेलं असतं आणि ते परत पहिल्यापासून सुरू. तुम्ही बाकावर बसून बघत राहायचं, सुट्टी लागली.

फक्त एक लक्षात ठेवा, अख्ख्या चीनमध्ये घड्याळ एकच आणि हांगझोऊ पूर्वेला, त्यामुळे डिसेंबरात पाचलाच अंधार पडतो. दुपारी तीनच्या आत पोचलात तरच त्या दिवशी तळं नीट दिसेल.

दालीला पोचणं म्हणजे आख्ख्या दिवसाचं काम. आधी कुनमिंग, म्हणजे नैऋत्येकडच्या युन्नान प्रांताची राजधानी (दालीही याच प्रांतात), तिथून दोन तासांची फास्ट ट्रेन (ही 2018 ला सुरू झाली, त्याआधी रात्रभराची गाडी असायची), मग दाली स्टेशन. आणि इथेच नवख्या माणसाचा विरस होतो, कारण स्टेशन आहे शियाग्वान नावाच्या नव्या शहरात, समोर टॉवर आणि ट्रॅफिक, आणि आपल्या डोक्यातलं जुनं दाली अजून तेरा-चौदा किलोमीटर लांब. बस मिळते, दीदी म्हणजे तिकडची ओला-उबर पण मिळते. बरं, जुन्या गावात पोचलात तरी तळं समोर नसतंच! गाव त्सांगशान डोंगराच्या पायथ्याशी, अरहाय तळं खाली दोन-चार किलोमीटरवर. शांघायवरून कुनमिंगपर्यंत ट्रेननेच जाऊ म्हणत असाल तर सव्वादोन हजार किलोमीटर आहेत, अकरा तास लागतात, सरळ विमान पकडा.

मग इतकं करून दालीला जायचं कशाला? तर तळ्याच्या आकारासाठी. वेस्ट लेक साडेसहा चौरस किलोमीटरच्या आसपास, अरहाय अडीचशे. वेस्ट लेकला एका दिवसात चालत फेरी होते, सू दोंगपो कवी तिथे अधिकारी असताना अकराव्या शतकात गाळ काढून त्याचाच बांध घातला, जवळपास तीन किलोमीटरचा, त्यावर झाडांच्या सावलीत आरामात चाललं की अर्धं काम झालं. अरहायची फेरी 129 किलोमीटरची, ती करायचीच नसते, एक गाव पकडून राहायचं असतं. पश्चिम काठाला गाड्यांना बंद असलेला सायकलचा रस्ता आहे, भाड्याने सायकल मिळते, एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला शेतं आणि मागे 4 हजार मीटरच्या वर गेलेला त्सांगशान. सायकल मात्र सकाळी काढा. हिवाळ्यात आणि वसंतात दुपारनंतर शियाग्वानकडून जो वारा सुटतो तो प्रसिद्ध आहे, परत येताना तो तोंडावर असला तर पायडल मारून मारून जीव जातो.

राहायचं कुठे हा दालीतला खरा प्रश्न, आणि इथे लोक फार घाईत बुकिंग करतात. पश्चिमेला त्साइत्सुन, लोंगखान ही गावं, तिथून सूर्य पाण्यावर उगवताना दिसतो (हिवाळ्यात सकाळी आठच्या आसपास, म्हणजे गजर लावायची पण गरज नाही), पण संध्याकाळी सूर्य डोंगरामागे लवकर जातो. पूर्वेला शुआंगलांग, तिथे उलटं, मावळता सूर्य त्सांगशानवर, मात्र गाव लांब आणि गर्दीचं. जुन्या गावात खाणं-पिणं, दुकानं भरपूर, पण तळ्यावर जायचं तर प्रत्येक वेळी निघावं लागतं. ‘लेक व्ह्यू’ लिहिलेलं दिसलं की नकाशात अंतर बघा, तळ्यात सांडपाणी जातंय म्हणून 2017 मध्ये काठावरची असंख्य गेस्टहाऊस बंद केली होती आणि नंतर पश्चिम काठावरची घरंही मागे सरकवली, त्यामुळे पाण्याला अगदी खेटून काही असेल असं धरून चालू नका. आणि छोट्या होमस्टेला आधीच मेसेज करून विचारा की परदेशी पासपोर्टवर चेक-इन करता येतं ना.

हांगझोऊमध्ये ही कटकट नाही. तळ्याजवळची हॉटेलं महाग असतात, मग वुलिन स्क्वेअरच्या आसपास राहा, मेट्रोने दोनच स्टेशनं. किंवा चहाच्या मळ्यांकडे, लोंगजिंगच्या बाजूला, तिथे शांतता आहे पण मेट्रो नाही.

खाण्यात शाकाहाऱ्यांनी दालीला जावं असं मी म्हणेन. युन्नानमधल्या हॉटेलांत भाज्या दारातच मांडून ठेवलेल्या असतात, बोट दाखवायचं आणि परतून द्या म्हणायचं, भाषा लागत नाही, फक्त चरबी किंवा मांस घालू नका हे फोनवर ट्रान्सलेट करून दाखवा. पावसाळ्यात रानातली मशरूम येतात, ती नीट शिजवलेलीच खा. रूशान म्हणून चीजचा पापडासारखा ताणलेला प्रकार मिळतो, भाजून, गुंडाळून देतात, चीनमध्ये दुधाचं काही मिळतंय याचंच अप्रूप. हांगझोऊचे नावाजलेले पदार्थ मासे आणि डुकराच्या मांसाचे, त्यामुळे मांसाहारी असाल तर तिकडे चंगळ.

हांगझोऊच्या बाजूने अजून एक गोष्ट, लिंगयिन मंदिर. परंपरा सांगते की चौथ्या शतकात ह्वीली नावाच्या भारतीय भिक्षूने ते स्थापलं, आणि समोरचा डोंगर भारतातून उडून आलाय अशी दंतकथा आहे, त्यात कोरलेल्या बुद्धमूर्ती आहेत. वेरूळ-अजिंठा बघितलेल्या माणसाला आकार लहान वाटेल पण तासभर पाय निघत नाही.

व्हिसा दोन्हीकडे तोच, भारतीयांना आधी काढावाच लागतो. अलीपेला, म्हणजे तिकडच्या फोनवरून पैसे द्यायच्या ॲपला, घरूनच कार्ड जोडून घ्या, 200 युआनच्या वरच्या पेमेंटला 3 टक्के लागतात. व्हॉट्सॲप तिकडच्या वायफायवर चालत नाही, आपल्या सिमचं रोमिंग घ्या.

आईबाबा बरोबर असतील, किंवा एकूण सुट्टीच आठवड्याची असेल, तर डोळे झाकून हांगझोऊ. दाली कळसूबाईच्या शिखरापेक्षाही तीनशे मीटर उंच आहे, तब्येतीच्या तक्रारी असणाऱ्यांना पहिल्या दिवशी थोडा दम लागू शकतो. दहा-बारा दिवस हातात असतील, दोघंच किंवा मित्र असाल आणि रोज काहीतरी बघितलंच पाहिजे असा हट्ट नसेल तर दाली, आणि मग कुनमिंगला एक रात्र मुक्काम करून सकाळच्या गाडीने जा. एकाच ट्रिपमध्ये दोन्ही बसवू नका, निवांतपणाचे बारा वाजतात.

तारखांचं म्हणाल तर मे महिन्याच्या सुट्टीत दोन्ही चालतात, फक्त 1 मेपासूनचे चार-पाच दिवस त्यांची सुट्टी असते ते सोडा. जूनच्या मध्यापासून हांगझोऊला पावसाची रिपरिप, आणि दालीतही तेव्हाच पावसाळा. दिवाळीत दोन्ही मस्त. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मात्र अजिबात नको, तेव्हाही त्यांची सुट्टी असते, वेस्ट लेकच्या ब्रोकन ब्रिजवर तेव्हा विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर असते तशी गर्दी असते. ट्रेनची तिकिटं 15 दिवस आधी सुटतात, कुनमिंग-दालीचं तेवढं पहिल्याच दिवशी काढून टाका.