संयुक्त प्रार्थना की एकमेकांच्या उपासनेला जाणं?

‘उत्तर भारतातील मंडळी’ (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा प्रोटेस्टंट परंपरा एकत्र येऊन उभी राहिली. तरीही विदर्भातल्या खेड्यांत कॅथलिक, अलायन्स (एक प्रोटेस्टंट मंडळी) आणि पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारे प्रोटेस्टंट) शेजारी राहूनही एकमेकांची उपासना क्वचितच पाहतात.

संयुक्त प्रार्थना ठरवायला सोपी. १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह. पण तेव्हा कापसाची वेचणी चालू असते, म्हणून वेळ रात्री सातची ठेवा. वाचन कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांच्याही बायबलात असलेल्या ६६ पुस्तकांतूनच निवडा. कॅथलिक बायबलात ७३ आहेत. गोंधळ हमखास प्रभूच्या प्रार्थनेत होतो. ‘वाइटापासून सोडव’ म्हणून कॅथलिक थांबतात, बाकीचे ‘कारण राज्य...’ म्हणत पुढे जातात. कुठे थांबायचं ते आधी सांगून टाका. अशा सभेत सगळेच थोडं सांभाळून वागतात, त्यामुळे शिकणं वरवरचं राहतं.

खरं शिकायचं तर पाहुणे म्हणून जा, तेही एकाच ठिकाणी सलग तीन-चार रविवार. पहिल्या दिवशी फक्त उठ-बस कळते. मिस्सात, म्हणजे कॅथलिक उपासनेत, वाचनांचा क्रम आणि शांतता कशी काम करते, ते नंतर उमगतं. पेंटेकॉस्टल सभेत सगळे एकदम मोठ्यानं प्रार्थना करतात, त्याची सवय व्हायलाही वेळ लागतो. कॅथलिक नसाल तर कम्युनियनच्या (पवित्र भाकर घेण्याच्या) रांगेत प्रसाद घेऊ नका, जागेवरच बसा. प्रोटेस्टंट मंडळीत प्रभुभोजन (त्यांच्याकडचं कम्युनियन) कोणाला देतात, हे पाळकांना आदल्या दिवशीच विचारा.