पोट कमी करायचंय: लायपोसक्शन की टमी टक?

गेल्या वर्षी वहिनीबरोबर मिरजेला प्लास्टिक सर्जनकडे गेले होते. दोन सिझेरियन झालेली, रोज सकाळी सांगलीच्या आमराईत फेऱ्या मारूनही पोट जागचं हललं नव्हतं. घरून निघतानाच तिनं लायपोसक्शन, म्हणजे नळीनं चरबी ओढून काढणं, ठरवून टाकलं होतं. डॉक्टरांनी तिला उताणं झोपवून मान उचलायला सांगितली, तसा पोटाच्या मधोमध उभा उंचवटा आला. बाळंतपणात स्नायू एकमेकांपासून लांब गेले होते. नुसती चरबी ओढून काढली असती, तर पोट पुढेच राहिलं असतं आणि कातडी आणखी लोंबली असती.

म्हणून खर्च विचारायच्या आधी आपलं पोट तपासून घ्या. चिमटीत येते ती कातडीखालची चरबी. लायपोसक्शन तेवढीच काढतं. पोट मोठं पण टणक असेल आणि चिमटीत फारसं काही येत नसेल, तर चरबी आतड्यांभोवती आहे. तिथे लायपोसक्शनही पोचत नाही आणि टमी टकही (सैल कातडी कापून पोट घट्ट करणं) पोचत नाही. मधुमेह किंवा वजन उतरवण्यासाठी तर यांपैकी कशाच्याही वाटेला जाऊ नका.

लायपोसक्शनमध्ये काही मिलिमीटरच्या छेदांतून औषधी द्रव सोडतात आणि बारीक नळीनं चरबी ओढतात. वजन स्थिर आहे, कातडी ताठ आहे, फक्त कंबरेवर किंवा मांडीवर गोळा साचलाय, अशांना ते शोभतं. बसून करायच्या कामावर बरेच जण आठवड्याभरात जातात. घट्ट पट्टा मात्र 4 ते 6 आठवडे लागतो आणि खरा आकार दिसायला 3 ते 6 महिने जातात. एका वेळी 5 लिटरपेक्षा जास्त काढलं तर धोका वाढतो, त्यामुळे 'एका बैठकीत सगळं काढतो' म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

टमी टक हे मोठं ऑपरेशन. कंबरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत छेद, सैल कातडी कापून टाकायची, स्नायू शिवून जवळ आणायचे, बेंबीला नवी जागा करायची. व्रण कपड्याखाली झाकतो, पण जन्मभर राहतो. बहुतेकदा काही दिवस जखमेत साचणारं पाणी बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या नळ्या असतात, सुरुवातीला वाकूनच चालावं लागतं, ऑफिस 2 ते 4 आठवडे बंद. सुमारे 6 आठवडे जड उचलायचं नाही: पाण्याची कळशी नाही, सिलिंडर नाही, कडेवर पोर नाही. आणखी मूल हवं असेल तर थांबाच, गरोदरपणात सगळी शिवण पुन्हा ताणली जाते. तंबाखू-सिगारेट काही आठवडे आधीच सोडा. कातडीचा रक्तपुरवठा कमी पडून जखम काळी पडू शकते.

रक्ताची गुठळी दोन्हींत होऊ शकते. नंतर एका पोटरीला सूज आली, धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आरोग्य विमा सहसा पैसे देत नाही, वर जीएसटी. भूल, खोली, तपासण्या, पट्टा हे सगळं धरून आकडा लेखी मागा. डॉक्टरांकडे प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. ही पदवी आहे का, हे विचारायला लाजू नका.

वहिनीनं टमी टक निवडलं, पण तारीख दिवाळीनंतरची घेतली. तेव्हा तिची आई महिनाभर येऊन राहणार होती.